उन्हाला भिणारे आप्पा

आमच्या गावात अंधाराला भिणारी माणसं पुष्कळ. आप्पा भीत ते उन्हाला, तेही पाण्यावर पडलेल्या. गुरांच्या दवाखान्यातली शिपायाची नोकरी संपवून ते पिंपळीत आमच्या शेजारी राहायला आले होते. सकाळचे आठ वाजले की हा सहा फुटी गडी बंधाऱ्याला लांबून वळसा घालून जाई. आम्ही बायका तोंडाला पदर लावून हसत असू.

एकदा त्यांनी मला ती भीती डोळ्यांनी दाखवली. बंधाऱ्यातल्या चार गोगलगाई काचेच्या पेल्यात घातल्या आणि पेला अर्धा काळ्या फडक्यानं झाकून उन्हात ठेवला. थोड्या वेळानं उजेडाच्या बाजूला केसाच्या टोकाएवढं काहीतरी वळवळू लागलं. त्या चपट्या कृमीच्या अळ्या होत्या. दिवस वर आला की त्या गोगलगाईच्या अंगातून बाहेर पडतात, उजेडाकडे पोहतात आणि जनावराच्या कातडीतून आत शिरतात, असं दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आप्पांना शिकवलं होतं. आप्पांनी पेल्यावरून हात फिरवला. सावली पडताच सगळी वळवळ एकदम उसळली.

"डोळं न्हाईत, तरी कुणी आलेलं कळतं बघ त्यास्नी," ते म्हणाले. माझं हसणं तिथंच थांबलं.

मेंढ्या कातरण्याआधी धुवाव्या लागतात. "दिस उगवायच्या आत धुवा," हे आप्पांचं नेहमीचं पालुपद. माझ्या सासऱ्यांना, आबांना, ते पटत नसे. उन्हाशिवाय लोकर वाळायची कशी? एका वर्षी कातरणारे दुपारी यायचे होते, म्हणून आबांनी दहा वाजता अख्खा कळप बंधाऱ्यात घातला. मी धावत जाऊन आप्पांना बोलावलं. ते अनवाणीच आले.

"आबा, भाईर काढा त्यास्नी."

"आप्पाराव, माझ्या बापानंबी हितंच धुतल्यात. तुमी घरला जावा."

आप्पा काठावर उभे होते. मग धोतरासकट ते कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि मेंढ्या ढकलून बाहेर काढू लागले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो बघून आबाही मेंढ्या हाकू लागले.

संध्याकाळी आप्पांच्या पायांवर लालभडक पुरळ उठलं. दोन-अडीच महिन्यांत सात मेंढ्या रक्ताच्या हगवणीनं गेल्या. बाकीच्या औषधानं वाचल्या. आबा रोज आप्पांच्या ओट्यावर जाऊन बसू लागले.

मी आप्पांना विचारलं, "एवढं भ्या वाटत हुतं, मग उतरला कशाला?"

"मला ठावं हुतं म्हणून भ्या वाटत हुतं," ते म्हणाले. "मेंढ्यास्नी कुठं ठावं हुतं?"

गेल्या वर्षी आप्पा गेले. आता आबा तांबडं फुटायच्या आधीच कळप धुतात. यंदा मात्र उशीर झाला. ऊन पाण्यावर आलं तरी एक गाभण मेंढी आतच अडकून राहिली होती. आबांना आता पाण्यात उतरवत नाही. मी साडी खोचली आणि उतरले. पाणी कमरेला लागलं तेव्हा मला कळलं, आप्पा किती भ्यायले होते.