एक खाट पुढे

सारी इमारत त्यांना अजून सिस्टरच म्हणायची. इस्पितळातली नोकरी संपली, पांढरा गणवेश गेला, पण कुणाचं बोट कापलं की बेल यांचीच वाजे. लेकीचा फोन मात्र नाडी पाहिल्यासारखा यायचा. जेवलीस? गोळी घेतलीस? ठेवते.

लेक दूरच्या शहरात, कॉलेजात सी प्रोग्रामिंग, म्हणजे संगणकाची एक भाषा, शिकवायची. ती जिथे रमते तिथेच आपण जाऊन बसावं, असं सिस्टरच्या मनाने घेतलं आणि त्यांनी घराजवळ सी शिकवणाऱ्या संध्याकाळच्या क्लासात नाव घातलं.

"या वयात माणसं गुडघे सांभाळतात," शेजारीण म्हणाली.

"गुडघ्यांना कोण विचारतंय? बसूनच शिकायचंय."

ॲरेपर्यंत गाडी बरी चालली. मग पॉइंटर आला आणि अडली. संगणकात पाच आकडे ॲरेत ओळीने ठेवलेले, पॉइंटर पहिल्याचा पत्ता धरून उभा. एकेक आकडा चार बाइट जागा अडवतो, म्हणून दुसऱ्यावर जायला सिस्टरनी पॉइंटरमध्ये चार मिळवले. पडद्यावर उमटला पाचवाच.

"अगं आई, चार नाही, एक मिळव!" लेक फोनवर हसत सुटली. "आकडा केवढा आहे ते पॉइंटरला ठाऊक असतं. एक म्हणजे एक अख्खा आकडा पुढे."

"म्हणजे राउंडला डॉक्टर 'पुढे' म्हणाले की आम्ही पुढच्या खाटेशी जायचो, पुढच्या फरशीवर नाही. तसंच ना?"

"अगदी तसंच!"

लख्ख कळलं होतं. पण त्या दिवशी लेक किती वेळ बोलली होती, मध्येच लहानपणीसारखी खिदळली होती. दुसऱ्या दिवशी सिस्टरनी पुन्हा तेच विचारलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

"आई, तुझं खाटांचं उदाहरण मी आज वर्गात दिलं. शेवटच्या बाकावरच्या टोळीलासुद्धा कळलं. आणि तुलाच कळत नाही? सोंग घेतेस होय?"

सिस्टर म्हणाल्या, "कळलं म्हटलं की तू फोन ठेवतेस."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आता तास आहे म्हणेल, नाहीतर मीटिंग.

"बरं, पॉइंटर राहू दे," लेक म्हणाली. "दिवसभर काय केलंस ते सांग."

हा प्रश्न कधी येतो याची वाट पाहत सिस्टरनी वर्षं काढली होती. आता आला, तर सुरुवात कुठून करावी ते सुचेना.

"बेसिनचा नळ गळतोय," त्या अखेर म्हणाल्या.

"कधीपासून गं?" लेकीने विचारलं.