विसात पाच

अकोल्याच्या मैदानावरचा तो कबड्डीचा गुणलेखक कधी ‘नक्की’ म्हणायचाच नाही. चहाला येतो का विचारलं, तरी म्हणायचा, “दहात सात.” मला रागच यायचा.

संघनिवडीच्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षांनी त्याची वही ओढली. त्यांच्या पुतण्याच्या वीस चढायांपैकी पाचच यशस्वी होत्या.

“पंधरा कर,” ते म्हणाले.

“कावून? चारात एकदा जमते त्याले. हे मी नाई, त्याचेच पाय सांगून राहिले, भाऊ.” त्यानं वही परत घेतली आणि पेन्सिलीनं लिहिलेला पाच शाईनं गिरवला.

अध्यक्ष तणतणत निघून गेले. मी विचारलं, “पुढच्या वर्षी ठेवतीन का तुले?”

“दहात शून्य.” त्यानं पेनाला टोपण लावलं. “पण आज चहाले दहात दहा. चाल.”