गेरूवरचा गाल

नागोजी सुतार खानापूरकडचा. मच्छे गावच्या कारखान्यात तीस वर्षं त्याने लाकडी साचे केले. निवृत्त झाला, पण हात काही स्वस्थ बसेनात. मग जवळच्या रायफल क्लबात तो नेमबाजांना दस्ते घडवून देऊ लागला. दस्ता म्हणजे रायफलीचा खांद्याला नि गालाला टेकणारा भाग. त्याची रीत न्यारी होती. दस्त्यावर ओला गेरू फासायचा, नेमबाजाला गाल टेकवायला लावायचा, आणि गेरू जिथून उचलला जाईल तिथं कानशीने घासायचं. लाल गाल घेऊन पोरं बसमध्ये चढली की माणसं हसत. नागोजी हसत नसे. गाल आणि लाकडात केसभर फट राहिली तरी त्याला जेवण गोड लागत नसे.

सगळ्यात जीव ओतून केलेला दस्ता त्याच्या लेकीचा, माधवीचा. तिच्या गालावर लहानपणी विळा लागल्याचा खोलगट तिरपा वण होता. पहिला छर्रा ती कधी निशाणावर मारायची नाही, बाजूच्या वाळूत मारायची. भाताची पहिली पेंढी शिवारातल्या देवाला ठेवतात ना, तसा. हे खूळ बापानेच तिच्या डोक्यात भरलेलं. दोन वर्षांमागे माधवी तापाने गेली. तिच्या गालाचा आकार तेवढा त्या लाकडात उरला.

यंदा क्लबात ॲल्युमिनियमचे दोन नवे दस्ते आले, शिवाय छर्र्याचा वेग मोजणारा रडारचा डबा. स्पर्धेसाठी क्लबातल्या रचना नावाच्या पोरीला कुठला दस्ता द्यायचा हे ठरवायला प्रशिक्षक विक्रमने रविवारी दुपारी नागोजीला बोलावलं आणि माधवीचाही दस्ता आणायला सांगितलं. तो सरस निघाला तर घासून रचनाच्या गालाजोगा करायचा होता. नागोजी हो म्हणाला खरा, पण दस्ता घराबाहेर काढायला त्याला अख्खी सकाळ लागली.

रायफल एकच, दस्ते बदलायचे. रचनाने नव्या दोन्ही दस्त्यांवर दहा-दहा छर्रे मारले. रडारवर दहा-दहा आकडे उमटले. वेग सारखा, म्हणजे नेम ढळला तर तो दस्त्यापायी. दोन्ही बरे होते. मग माधवीचा दस्ता लावला. दहाही छर्रे एकाच भोकात गेले. रडारवर आकडे मात्र अकरा.

"आप्पा, मी धाच मारले न्हवं?" रचना नागोजीला म्हणाली.

"शेजारचा पकडला असंल," विक्रम म्हणाला.

शेजारी कोणी नव्हतंच. नागोजीने आकड्यांपुढची वेळ वाचली. पहिला आकडा रचनाने छर्रा भरण्याआधीचा होता. त्याची नजर निशाणाबाजूच्या वाळूकडे गेली.

"आप्पा, उरका की. घासाय घ्या," विक्रम म्हणाला.

नागोजीने दस्त्यावर गेरू फासला, तो टेबलावर ठेवला आणि पिशवीतून कानशी काढायला वळला. रचना दाराशी पाणी पीत होती. विक्रम डब्याची बटणं दाबत बसला होता. नागोजी कानशी घेऊन परतला, तर गेरू उचललेला. गालाएवढी जागा स्वच्छ, आणि तिच्यात गेरूची एक तिरपी रेघ राहिलेली. त्याने रचनाच्या गालाकडे पाहिलं. गाल कोरा होता.

नागोजी भ्याला, आणि त्या भीतीतही त्याचं काळीज मायेने भरून आलं. त्याने कानशी पुन्हा पिशवीत घातली.

"नव्यातला काळा चांगला हाय. त्यो दे हिला."

"आन ह्यो? सगळ्यात सरस तर ह्योच की!"

"व्हय," नागोजी म्हणाला. "पर ह्यो रिकामा न्हाय."