फणसाच्या मुठीचा रंधा

मला ओळखणाऱ्यांपैकी एकालाही हे माहीत नाही. आईला नाही, बाबांना नाही, सुजाताला तर नाहीच. कितीदा ओठांपर्यंत आलं आणि मी भलतंच बोलले — परीक्षेचं, चुकलेल्या बसचं, काजूच्या बोंडांचं. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुमच्यापुढे बोलता येईल असं वाटतं. येईल ना? बघू.

सुरुवात रंध्यापासून करते. नंतरचं मला नीट क्रमाने आठवत नाही, पण रंधा आठवतो.

आमचं घर सर्वणला. बाबा खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये हेल्पर होते, खाण बंद पडेपर्यंत. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बारावीच्या सुट्टीत माळा झाडताना गोणपाटात गुंडाळलेला एक लोखंडी रंधा हाताला लागला. जड, गंजलेला. बाबांना विचारलं तर म्हणाले, "सायबान दिल्लो." आणि लगेच गोठ्याकडे गेले.

मी तो डिझेलमध्ये भिजवला, घासला. पात्याची तिरकी बैठक काढली तर तिच्या मागे, लोखंडातच ओतलेली बारीक इंग्रजी अक्षरं — अमेरिकेतल्या एका गावाचं नाव आणि पेटंटच्या तारखा. सर्वणच्या माळ्यावर अमेरिका! मला काय झालं ते सांगता येत नाही. मी मोबाईलवर शोधत बसले. जगात जुनी अमेरिकन हत्यारं जमवणारी आणि ओळखणारी माणसं आहेत, त्यांचे गट आहेत, हे तेव्हा कळलं. तारखा किती ओतल्या आहेत, पुढचा गोल मुठ्या बुटका की उंच, पातं पुढे-मागे करायचा पितळी नट लहान की मोठा — एवढ्यावरून ते सांगतात, हा रंधा साधारण कुठल्या काळातला. मीही शिकले. आमच्या भागात खाणींची यंत्रं पोर्तुगीजांच्या काळात बोटीने आली, त्यांच्याबरोबर हत्यारांच्या पेट्याही आल्या. खाणी बंद झाल्यावर ती हत्यारं घराघरांत पडून होती. कुणाकडे पाना, कुणाकडे करवत, कुणी लेव्हलच्या पट्टीने नारळाच्या झापा दाबून ठेवलेल्या. मी मागायचे, लोक हसत द्यायचे. आई म्हणायची, "दुसऱ्यांच्या चेडवांक भांगर जाय, आमच्या हिका लोखंड!" भांगर म्हणजे सोनं.

आमच्या रंध्यात एकच गोष्ट मला उलगडत नव्हती. मागची मूठ मूळची शिसवीची असायला हवी, ती फणसाची होती. कुणीतरी नंतर करून बसवलेली, सुंदर केलेली. आणि मुठीच्या बुडाला, डाव्या अंगाला, एक काळी लाकडी खुंटी. पिवळसर लाकडात काळा तीळ असावा तशी. गटात फोटो टाकला तर कुणालाच सांगता येईना. कॉलेजमध्ये मी हत्यारांचं प्रदर्शन मांडलं, तेव्हा रंध्यापुढच्या पाटीवर लिहिलं — मूठ नंतरची, बनवणारा अज्ञात. आणि खाली — वडिलांना खाणीवरच्या साहेबांकडून भेट.

प्रदर्शनाला बाबा आले होते. इस्त्री केलेला शर्ट घालून, चप्पल दाराबाहेर काढून! कॉलेजात कुणी चप्पल काढत नाही हे त्यांना माहीत नव्हतं. प्राचार्यांनी त्यांचा हात हातात घेऊन सगळ्यांसमोर म्हटलं, "म्हणजे हा तुमच्या कामाचा मान!" बाबा दाराबाहेरच्या चपलांकडे बघत राहिले. ते लाजले असं मला तेव्हा वाटलं.

हे मी आधी का सांगते आहे? तुम्ही पुढचं ऐकून मला सूट द्यावी म्हणून? तसं असेल तर ते मनातून काढून टाका. पण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणारही नाही.

सुजाता माझ्या वर्गातली, इब्रामपूरची. प्रदर्शनाच्या दिवशी ती आजारी होती, आली नव्हती. नंतर एकदा म्हणाली, "आमचे आजोबा तुमच्याच बाजूच्या खाणीवर मेस्त होते, सुतारकाम करायचे. जुनी हत्यारं आहेत त्यांच्याकडे. ये बघायला." मी रविवारी गेले.

तिचे आजोबा, सोयरू मेस्त, अंगणात नव्या लाकडाजवळ बसले होते. सुजाताचे पप्पा शेजारीच नवं घर बांधत होते, आणि त्याची मुख्य चौकट आजोबांनी घरच्या फणसाची करून ठेवली होती. तिच्यावर इतका गुळगुळीत हात फिरला होता की मी बोलायच्या आधी तिलाच हात लावला. आजोबा खूश झाले. सुजाताने चहा आणि उंडे, म्हणजे आमच्याकडचे गोल पाव, आणले, आजोबांनी पेटी उघडली. एक अमेरिकन हातगिरमिट होतं, अजून लोण्यासारखं फिरणारं. मी त्यावरची अक्षरं वाचून दाखवली, ते कधीचं असेल ते सांगितलं. "अरे, हें चेडूं लोखंडाची पत्रिका वाचता!" ते सुजाताला म्हणाले. "आमच्या भटाक बोलाव गो, बघूंया कोण फुडें वता."

आम्ही हसलो. मग ते म्हणाले, "बाय, एक विचारूं?"

त्यांनी सांगितलं ते असं. आमच्या बाजूच्या त्या खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये लाकडी साचे करायचं काम त्यांच्याकडे होतं. तिथला एक अमेरिकन रंधा एक दिवस नाहीसा झाला. त्यांच्याच वापरातला, म्हणून आळ त्यांच्यावर आला. चोरी सिद्ध झाली नाही, पण काम गेलं, आणि बातमी त्यांच्या आधी गावात पोचली. आमच्याकडे घराची मुख्य चौकट उभी करतात तो दिवस सणासारखा. चौकटीला हळद-कुंकू, आंब्याची डहाळी, नारळ. आणि बसवणाऱ्या मेस्ताला पाटावर बसवून धोतर देतात. सोयरू मेस्तांना त्यानंतर गावात कुणी चौकट बसवायला बोलावलं नाही. खाटा करून घेतल्या, पाळणे करून घेतले, खिडक्यासुद्धा. चौकट नाही. "चोरान बसयल्लें दार चोराक कशें आडायतलें?" ते म्हणाले. "लोकांचें चुकता अशें ना. हांव चोर आसलों जाल्यार." म्हणजे ते खरंच चोर असते, तर लोकांचं बरोबरच होतं.

आता मुलाच्या घराची चौकट त्यांना बसवायची होती. वाड्यावरच्या जाणत्यांनी एकच अट घातली होती — देवळात उभं राहून, देवापुढे, मोठ्याने म्हणायचं की रंधा मी नेला नाही. इतकी वर्षं ते म्हणाले नव्हते. न केलेल्या गोष्टीचं गाऱ्हाणं कसलं घालायचं, असा त्यांचा हट्ट. पण मुलाच्या घरासाठी हट्ट सोडायला ते तयार झाले होते.

"तूं अशीं हत्यारां सोदता," ते मला म्हणाले. "तो रंधो खंय दिसलो तुका? त्याची मूठ मोडली आशिल्ली. हांवें फणसाची केली. ती बुडाक चिरली, तेन्ना मोडलेल्या शिसवीच्या मुठीचीच खुंटी करून मारली. फणसार काळो तीळ."

माझ्या हातात उंडा होता. तो मी खाल्ला की ठेवला, आठवत नाही.

मला काय वाटलं? खरं सांगू — पहिल्यांदा आनंद झाला. क्षणभरच, पण झाला. बनवणारा अज्ञात, तो माझ्यासमोर बसला होता! मग प्राचार्यांच्या हातातला बाबांचा हात दिसला. मग दाराबाहेरच्या चपला.

"नाही दिसला" म्हणून थांबता आलं असतं. तेही खोटंच, पण लहान. मी का थांबले नाही? आजही मला हे कळत नाही. मला त्या रंध्याचं बोलणंच संपवायचं होतं बहुतेक. मी म्हणाले, "आजोबा, त्या अमेरिकन रंध्यांना अशी खुंटी बसतच नाही. मुठीतून आरपार लोखंडी सळी जाते. तुमच्या मनात दुसराच कुठलातरी रंधा असेल."

सळी असते, हे खरं आहे. खोटं बोलताना मी माझी खरी माहिती वापरली. शिकले होते ती सगळी.

आजोबांनी हवेत मूठ धरली, जणू रंधा समोर आहे. अंगठा खाली नेला. "सळी आसा," ते स्वतःशीच म्हणाले. "सळी आसाच… मागीर खुंटी हांवें खंय मारली?" अंगठा हवेत खुंटी शोधत राहिला. मी पाहत होते. सुजाता म्हणाली, "आजो, ही सगळ्यांच्या पुढची आहे ह्यात. ती म्हणते तर नसेल." मग आजोबा हसले आणि म्हणाले, "म्हणजे रंधो हांवेंच व्हेलो आनी विसरलों काय गो?"

ते हसत होते, पण रंधा मीच नेला का, ह्याच्या उत्तराची वाट बघत होते. मी हसले फक्त.

पुढच्या आठवड्यात सुजाताने सांगितलं, आजोबा देवळात जायला नाही म्हणाले. जाणते थांबले, पप्पांनी विनवलं, तरी नाही. म्हणे, "म्हाका म्हजेंच सारकें याद ना. देवाफुडें दुबावान उलोवपाचें न्हय." मनात शंका घेऊन देवापुढे बोलायचं नाही — एवढंच. ज्याने चोरी केली असती त्याला हे सुचलं असतं का? तो सरळ जाऊन शपथ घेऊन आला असता. हे मला तिथल्या तिथे कळलं, वर्गात, बाकावर बसल्या बसल्या. आणि मी सुजाताला विचारलं, उद्याची असाइनमेंट झाली का.

चौकट दुसऱ्या गावच्या मेस्ताने बसवली. मला आमंत्रण होतं, आणि मी गेले. न जाण्याएवढंही धाडस मला झालं नाही. आजोबांनी केलेली चौकट परक्या माणसाने उभी केली, नारळ फुटला, पाटावर त्याला बसवून धोतर दिलं. आजोबा जुन्या घराच्या ओट्यावर होते. निघताना त्यांनी मला बोलावलं आणि हातगिरमिट माझ्या हातात ठेवलं. "तुका समजता हातूंतलें. हांगा गंजतलें." मी घेतलं. कसं घेतलं? घेतलं, एवढं खरं.

त्या दिवशी घरी आले तेव्हा बाबा कोयत्याला धार लावत होते. आज विचारायचंच, असं बसमध्ये ठरवलं होतं. साहेबांनी खरंच दिला का? की… कदाचित खरंच दिला असेल. साहेबाने कुणाला न विचारता उचलून दिला असेल, आणि त्यामागे एका माणसाचं काम गेलं हे हेल्परला कळलंच नसेल. की कळलं असेल, आणि बोलायची छाती झाली नसेल? की त्याहून वाईट? बाबांनी वर पाहिलं. मी विचारलं, "चहा ठेवू?"

आज मी शेवटच्या वर्षाला आहे. बाबा चोर आहेत की नाहीत हे मला अजून माहीत नाही, कारण मी विचारलेलं नाही. प्रदर्शनानंतर त्यांनी रंध्याला एकदाही हात लावलेला मी पाहिला नाही. पण तसा ते आधी तरी कुठे लावत होते? कधी वाटतं मी बाबांना वाचवलं. कधी वाटतं त्यांच्यावर पहिला आळ मीच घेतला, मनातल्या मनात, न विचारता. दोन्हीतलं कुठलं, मला ठरवता येत नाही.

सोयरू मेस्त आता खरोखरच विसरू लागले आहेत. सुजाता म्हणते वयाने. कधी तिला आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारतात. जेवले की नाही विचारलं तर हाताकडे बघतात, आणि म्हणतात, "हांव सांगूंक शकना, तुमीच सांगा." हे त्यांचं बोलणं आधी नव्हतं. हे कुठून आलं? वयातूनच आलं असेल. मला माहीत नाही. मागच्या खेपेला त्यांनी मला ओळखलं नाही, पण हात दाखवून आत बसायला सांगितलं. मी त्या चौकटीखालून आत गेले आणि चहा घेतला.

रंधा आमच्या घरी आहे. मूठ फणसाची आहे, इब्रामपूरच्या सोयरू मेस्तांनी केलेली. खुंटी आहे. बुडाला, डाव्या अंगाला. सळी मधून जाते आणि खुंटी तिच्या बाजूला बसते, दोन्हींना जागा आहे. इब्रामपूरला जाण्याच्या कितीतरी आधीपासून ती माझ्या अंगठ्याला रोज लागत होती. त्यांनी विचारलं, तेव्हा मी नाही म्हटलं.