खडकीची भरवशाची गाडी

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. मागे एकानं माझ्या नव्या सोफ्यावर सांडलाय, तोही हाच किस्सा ऐकताना.

तर झालं असं की आम्हाला गाडी घ्यायची होती. सासूबाई अकोल्याहून कायमच्या आमच्याकडे हडपसरला राहायला आल्या होत्या, गुडघ्याचं ऑपरेशन करून. त्यांना रिक्षात चढता येईना आणि बुटक्या गाडीतून उठता येईना. म्हणजे छोटी एसयूव्हीच हवी. नवी परवडणार नव्हती, म्हणून जुनी. आणि जुनी गाडी म्हटलं की बघायला कोण जाणार? अर्थातच मी.

मी कॉलेजात भूगोल शिकवतो. पण गाड्यांचं म्हणाल तर आमच्या सोसायटीत माझ्या शब्दाला मान आहे. जुनी गाडी कशी तपासावी यावरचे मराठी, हिंदी, इंग्रजी, एवढंच काय तमिळ व्हिडिओसुद्धा मी बघितलेत. तमिळ कळत नाही, पण बॉनेट उघडल्यावर भाषा लागतेच कुठे?

बायकोनं, म्हणजे सरितानं, निघताना एकच सांगितलं. गाडी आवडली तरी मालकासमोर कौतुक करायचं नाही, तोंड वाकडं ठेवायचं. मी म्हटलं, मला काय शिकवतेस?

जाहिरात ऑनलाइन होती. फोनवर श्रीरंग नावाचा एक तरुण बोलला. म्हणाला, गाडी खडकीला आत्याकडे उभी असते, सकाळी जा, आत्याला सांगून ठेवतो की गाडी बघायला माणूस येतोय. हे वाक्य लक्षात ठेवा. सगळा घोळ या एका वाक्यानं केलाय.

मी खडकीला पोचलो. शांत सोसायटी, आवारात मोठं चिंचेचं झाड, झाडाखाली करड्या रंगाची गाडी. श्रीरंगची आत्या, केतकर बाई, पार्किंगमध्ये उभ्याच होत्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या पुढच्या, ताठ, हातात किल्ली. त्यांनी माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघितलं आणि विचारलं,

"या कपड्यांत करणार?"

मी म्हटलं, सवय आहे. त्यांनी खांदे उडवले, डिकीतून एक जुनी चादर आणि पान्यांचा डबा काढून माझ्या पुढ्यात ठेवला. म्हणाल्या, नीट बघा, घाई करू नका, आधीच्या दोघांनी नुसता वेळ घालवला.

मी तर भारावलोच. आजवर गाडी विकणारे कसे बघितलेत मी? बॉनेटला हात लावला तरी अंगावर येणारे. आणि इथे मालकीण स्वतःहून पाने देतेय, वर आपल्याच गाडीची गाऱ्हाणी सांगतेय. खालून खडखडते, दोन महिने झाले, एक जण म्हणाला गिअरबॉक्स गेला, दुसरा म्हणाला इंजिन उतरवावं लागेल. मी मनात म्हटलं, पुण्यात अजून असा प्रामाणिकपणा शिल्लक आहे.

कामाला लागलो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितले, पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी असेल तर पट्ट्याच्या टोकाला चिखलाची रेघ सापडते. नव्हती. पायाखालचे गालिचे उचलून वास घेतला. कोरडे. सीटखाली बाईंचा चष्मा सापडला, तो दिला, तर म्हणाल्या, हा दिवाळीपासून शोधतेय. दारांच्या फटीत मूळचाच रंग. तेल बघितलं, ते मात्र जरा काळं होतं, पण वेळेवर बदललं की झालं.

मध्येच बाईंनी विचारलं, पूर्वीपासून हेच करता का? मी सांगितलं, नाही, मी कॉलेजात असतो.

"कॉलेजात गाड्या शिकवतात?"

"नाही हो, भूगोल."

त्यांनी पुन्हा एकदा माझ्या शर्टाकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "हल्ली शिकलेल्या माणसालासुद्धा मिळेल ते करावं लागतं."

मला वाटलं, प्राध्यापकांच्या पगाराबद्दल बोलतायत. मी मनापासून मान डोलावली.

मग गाडी चालू केली आणि ऐकलं. खडखड होती खरी. पण मी ती आधी ऐकलेली होती! बहुतेक त्या तमिळ व्हिडिओत. गाडी बंद केली, चादर पसरली, इस्त्रीच्या शर्टासकट खाली शिरलो, मोबाईलचा उजेड पाडला. सायलेन्सरच्या वर एक पातळ पत्रा असतो, त्याची धग गाडीच्या तळाला लागू नये म्हणून. त्या पत्र्याचा एक बोल्ट ढिला होता. बस्स. गिअरबॉक्स नाही, इंजिन नाही, एक बोल्ट. पाना लावला, कचकचून आवळला, बाहेर आलो. शर्टाचं काय झालं ते विचारू नका.

बाई म्हणाल्या, चला, चक्कर मारून बघू, आणि स्वतःच स्टिअरिंगवर बसल्या. येरवड्यापर्यंत जाऊन आलो. काय चालवतात हो! पुलाच्या चढावर त्यांनी मुद्दाम गाडी दाबली. आवाज नाही. परत दाबली. नाही. सिग्नलला थांबल्यावर म्हणाल्या, दोन महिने मी हिला घाबरत होते, बाजारापर्यंतसुद्धा नेत नव्हते.

आता सांगा, अशा वेळी तोंड वाकडं ठेवता येतं का कुणाला? माझा सगळा अभ्यास पणाला लागून पास झाला होता. मी सुटलोच. इंजिन कसं निरोगी आहे, क्लच कसा हलका आहे, ही गाडी अजून कित्येक वर्षं तुम्हाला रस्त्यात सोडणार नाही. बाई एकेक शब्द ऐकत होत्या. त्याच सिग्नलला मी सरिताला मेसेज टाकला, गाडी एक नंबर, तयारी ठेव.

पार्किंगमध्ये उतरल्यावर बाई सरळ मुद्द्यावर आल्या.

"बोला, किती?"

मी म्हटलं, तुम्हीच सांगा. त्या म्हणाल्या, मला घासाघीस जमत नाही, आणि पर्स उघडून दोन नोटा माझ्या हातावर ठेवल्या.

मी नोटांकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. विकणाराच विसार देतोय, ही कुठली पद्धत? खडकीची असेल.

"कमी आहेत का?" बाईंनी विचारलं.

"अहो, पैसे मी तुम्हाला द्यायचेत. मी गाडी विकत घ्यायला आलोय."

"कुणाची गाडी?"

मग मी मोबाईल काढून जाहिरात दाखवली. चिंचेचं झाड, करडी गाडी, खाली श्रीरंगचा नंबर. बाईंनी नुकताच सापडलेला चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि चिंचेच्या पारावर बसल्या. मघापासूनचा ताठपणा जरा उतरला. श्रीरंगच्या त्या महिनाभर मेकॅनिक पाठव म्हणून मागे लागल्या होत्या, मला त्या तोच समजल्या होत्या, आणि पठ्ठ्यानं त्यांना न विचारता गाडीच विकायला काढली होती.

त्यांनी तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. श्रीरंग आधी चाचरला, मग म्हणाला, मी आज सांगणारच होतो, या वयात तू चालवू नयेस असं आम्हा सगळ्यांना वाटतं, आणि तूच म्हणत होतीस ना, गाडीचा भरवसा राहिला नाही.

"आता आलाय," बाई म्हणाल्या. "भूगोलाच्या प्राध्यापकांनी तपासलीय. आता हिला हात लावायचा नाही."

आणि फोन ठेवला.

खरं सांगतो, हातातली गाडी गेली होती, शर्ट गेला होता, तरी त्या क्षणी माझी छाती इंचभर फुगली. कॉलेजात इतकी वर्षं शिकवतोय, माझ्या बोलण्यावर एवढा विश्वास कुणी ठेवला नव्हता.

नोटा मी परत केल्या. तेव्हा बाई म्हणाल्या, मग घरी तरी सोडते, लांबच्या रस्त्यावर आवाज येतो का तेही कळेल. हडपसरपर्यंत मी आरामात बसून आलो. गाडीचं आणखी थोडं कौतुक केलं. मेसेजचं मात्र साफ विसरलो.

सोसायटीच्या गेटात सरिता उभी. हातात औक्षणाचं ताट. शेजारी वॉकर धरून सासूबाई, मागे अर्धी सोसायटी. मी काच खाली करेपर्यंत बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक निघालं होतं, चाकाशी नारळ फुटला होता, आणि कुणीतरी आरशाला हार घालत होतं. केतकर बाई स्टिअरिंग धरून बसल्या होत्या. सरितानं त्यांनाही ओवाळलं. तिला वाटलं, गाडी पोचवायला आल्यात.

शेवटी मी उतरून सगळ्यांसमोर सांगितलं, ही गाडी आपली नाही, बाईंचीच आहे. बाई सावकाश खाली उतरल्या, स्वस्तिकाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "नवी घेतली तेव्हासुद्धा हिची एवढी पूजा झाली नव्हती." मग पेढा खाल्ला, सासूबाईंना हात धरून पुढच्या सीटवर बसवलं आणि आख्ख्या मगरपट्ट्याला एक चक्कर मारून आणली. परत आल्यावर सासूबाई म्हणाल्या, गाडी फार छान आहे, चढायला काही त्रास नाही, हीच घ्या.

सरिता माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

पुढची गाडी बघायला ती केतकर बाईंना घेऊन गेली. बाईंनी तोंड वाकडं ठेवलं, सरितानं घासाघीस केली आणि दोघी अर्ध्या तासात गाडी घेऊन आल्या. मला फक्त पेढे आणायला पाठवलं होतं. ती गाडी बरी आहे, वाईट म्हणणार नाही. पण कालच शेजारच्या जोशींनी विचारलं, अगदी डोळे मिटून घ्यावी अशी भरवशाची जुनी गाडी कुठे आहे का हो?

मी ताठ मानेनं सांगितलं, आहे ना, खडकीत आहे, मी स्वतः तपासलीय. फक्त विकायची नाहीये, आणि त्याला कारण मीच आहे.