भावकू हवालदाराचा चुकलेला पंचनामा

येळ्ळूरच्या शेतकऱ्याच्या पोराला, भावकू हलगेकराला, पोलिसांत घेतलं ते उंचीमुळं, आणि गुन्हे शोधक पथकात घेतलं ते नाकामुळं. त्याचं असं झालं, की १९२९ साली खडेबाजारातल्या एका वखारीतून बासमतीची बारा पोती गेली. आठवड्यानं एक गाडीवान सापडला, पण तो छातीठोकपणे सांगत होता की तांदूळ माझ्या शेतातला, परवाच झोडलाय. पहाऱ्यावर उभ्या भावकूनं न विचारता पोत्यात हात घातला, मूठभर तांदूळ तळव्यावर चोळला आणि हुंगला.

"ह्यो औंदाचा न्हाय, साहेब," तो म्हणाला. "दोन वर्सं वखारीत मुरलाय. नव्या तांदळाचा वास असा नसतोय."

गाडीवानाचा चेहराच सांगून गेला. मार्तंडराव फौजदारांनी दुसऱ्याच दिवशी भावकूला आपल्या पथकात ओढलं. पथक कसलं, कचेरीच्या मागच्या खोलीत तीन माणसं आणि एक लंगडं टेबल! पण बेळगाव तालुक्यातल्या चोरांना त्या लंगड्या टेबलाची धास्ती होती हे मात्र खरं.

भावकू एरवी साध्या वेषात हिंडे. धोतर, पटका, खांद्यावर घोंगडं. कानडी माणसाशी कानडीत, मुसलमान गाडीवानाशी त्याच्या हिंदीत बोले, आणि बोलता बोलता हवं ते काढून घेई. शाळा चौथीपर्यंतच झालेली, तरी पंचनामा लिहावा तर त्यानंच. कुठली वस्तू कुठल्या कोनाड्यात, दाराची कडी आतून की बाहेरून, सगळं जागच्या जागी. पाच वर्षांत एकाही वकिलाला त्यात भोक सापडलं नव्हतं. हा गडी मिशीला पीळ भरायचा तो या एकाच गोष्टीसाठी, आणि भरावाच, कमावलेली गोष्ट होती ती.

१९३४ च्या फाल्गुनात शहापुरातल्या गोपाळशेटच्या दुकानातून लग्नाच्या चार लाल साड्या चोरीला गेल्या. त्याच दिवशी शामू विणकर विणलेली साडी पोचवायला दुकानात आला होता, म्हणून संशय शामूवर. झडती घ्यायची म्हणून भावकू त्या दिवशी पूर्ण गणवेशात गेला. शामूचं घर म्हणजे एक लांबट अंधारी खोली, खड्ड्यात बसवलेला माग आणि छपराला हातभर झरोका. ट्रंकेत धोतरांच्या घडीखाली एक कोरी लाल साडी निघाली. बाकीच्या तीन काही मिळाल्या नाहीत.

"माझीच," गोपाळशेट म्हणाला. "ही किनार, हा पदर माझ्याखेरीज शहापुरात कुणी विणून घेत नाही."

शामूनं खाली मान घातली. तोंडातून शब्द नाही. भावकूनं पंचांना बसवून झोकात लिहिलं, 'नवी कोरी साडी एक, रंग लाल, सर्वत्र एकसारखा.' मग भर दुपारी शामूला बेड्या घालून गल्लीतून नेलं. दोन्ही बाजूंच्या उंबऱ्यांवर माणसं उभी होती.

चौथ्या दिवशी शामूची बायको नागुबाई कचेरीच्या पायरीवर येऊन बसली. उठवलं तरी उठेना.

"हवालदार अण्णा, ती साडी माझ्या बेबीच्या लग्नाची हाय. आमच्याच मागावर विणलीया. शेट एकेका साडीचं सूत देतंय, साडी झाली की कांडीवर हात-दोन हात इणण्यापुरतं सूत उरतंय. उरलेलं विणकराचं, ही आमची जुनी रीत. दोन वर्सं साठवलं मी ते. उभं सूत इकत घेतलं, आडवं समदं साठवणीतलं."

"मग शामू बोलला का न्हाय?"

"कसं बोलणार? शेटजींला ठावं झालं, तर उद्यापास्नं उरलेलंबी तोलून मागतील. समद्या गल्लीचं सूत जाईल. त्यापरास तुरुंग बरा म्हणतंय ते येडं."

"असं समदेच सांगत्यात, आक्का."

"मग उन्हात काडा की साडी! गोपाळशेटची दुसरी आणा आणि शेजारी टाका."

आता तिच्या आवाजात काकुळतीपेक्षा राग जास्त होता. भावकूला तोच पटला. त्यानं फौजदारांना विचारून साडी बाहेर काढली आणि अंगणातल्या दोरीवर पसरली. दुकानातली एक साडी आणवून शेजारी टाकली. दुकानातली पदरापासून टोकापर्यंत एकच लाल. आणि शामूची? हातभर कुंकवासारखा, मग दोन हात जरा काळपट, पुढं विटेच्या अंगाचा. रंगाऱ्याची भट्टी दर खेपेला थोडी वेगळी उतरते. दर साडीचं उरलेलं सूत आपापला लाल घेऊन आलं होतं. भावकूनं बोट फिरवत पट्टे मोजले, अकरा भरले. नागुबाई सांगत गेली, हा दसऱ्याच्या साडीचा, हा कुलकर्ण्यांच्या सुनेच्या साडीचा.

भावकूनं पंचनामा काढून पुन्हा वाचला. तांदूळ ओळखणाऱ्या या शेतकऱ्यानं कापड अंधारात बघितलं होतं, आणि 'सर्वत्र एकसारखा' हे आपल्या हातानं लिहून खाली सही ठोकली होती.

मार्तंडराव माणूस वाईट नव्हता, पण कचेरीत मुरलेला होता. "भावकू, जमादारकीसाठी तुझं नाव वर गेलंय. सोमवारी शामूचा खटला, पुढच्या आठवड्यात बढतीची यादी. काय ते कोर्ट बघेल."

"कोर्ट माझ्या लिवण्यावर बघणार, साहेब. आणि लिवणंच चुकलंय."

सोमवारी मॅजिस्ट्रेटपुढं तो ताठ उभा राहिला. पंचनामा वाचून झाला, तसा म्हणाला, "साहेब, ह्यो पंचनामा माझ्या हातचा. जे दिसलं ते लिवलं, पण अंधारात बघितलं, ही चूक माझी. साडी उजेडात बघावी, असा अर्ज करतो."

कोर्टात कुजबुज झाली. वकील एकमेकांकडं बघून हसले. मॅजिस्ट्रेट उठून खिडकीशी आले, दोन्ही साड्या त्यांनी स्वतः उलगडून पाहिल्या, आणि शामू सुटला. भर कोर्टात सुटला. राहिली गल्लीच्या सुताची भीती, तर नागुबाईची साक्ष घेऊन मॅजिस्ट्रेटांनी ती रीत निकालातच लिहून ठेवली. त्यामुळं गोपाळशेटला नंतर तोंड उघडता आलं नाही. माझं विचाराल तर पाच वर्षांच्या निर्दोष पंचनाम्यांपेक्षा हा एक चुकलेला मोठा, आणि तो असा कबूल करणारा पोलीस या मुलखात मला दुसरा ठाऊक नाही.

यादी आली तेव्हा भावकूचं नाव त्यात नव्हतं. बायको अक्काताई दोन दिवस धुसफुसली. भावकू मात्र घोंगडं खांद्यावर टाकून निपाणीला गेला. तिथल्या तंबाखूच्या वखारवाल्यांकडं लग्नसराई होती. तीन आठवडे बाजारात हिंडून, प्रत्येक लाल साडी दुकानदाराला उन्हात धरायला लावून, त्यानं चारही साड्या हुडकल्या. विकणारा निघाला गोपाळशेटचाच मुनीम. तो पंचनामा लिहिताना भावकूनं पंचांसकट सगळ्यांना रस्त्यावर उन्हात उभं केलं होतं.

वैशाखात नागुबाई पुन्हा पायरीवर आली. हातात अक्षता होत्या.

"बेबीच्या लग्नाला या, अण्णा. पण गणवेश घालून या. तुमी त्येंला नेलतं तवा समद्या गल्लीनं बघितलं. कोर्टात काय झालं ते गल्लीला दिसलं न्हाय. अजून पाणी भराया गेलं की बायका बाजूला सरकत्यात."

भावकू पायरी उतरून तिच्यापुढं आला. त्यानं दोन्ही हातांनी अक्षता घेतल्या.

लग्नाच्या दिवशी भर दुपारी तो शहापूरच्या त्या गल्लीत शिरला. पट्ट्याचं पितळ घासलेलं, पटका कडक, चाल सावकाश, कुणी बघितल्याशिवाय राहू नये अशी. उंबऱ्यांवर पुन्हा माणसं आली. शामूच्या दाराशी वाजंत्री थांबली. एक म्हातारा विणकर घाबरून पुढं झाला.

"हवालदार, आज कुणाला न्ह्यायला आला?"

भावकूनं आवाज चढवला, पार गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल इतका.

"न्ह्यायला न्हाय, आजोबा. ज्येला चुकून नेलतं, त्येच्या पंक्तीला बसाया आलोय. शामूअण्णा, पान कुटं मांडलंय माझं?"