तक्त्याखालची ओळ

"आकडा कुणाचा नातेवाईक नसतो," असं सरासरीबाई एकदा म्हणाल्या होत्या.

हे नाव त्यांना कचेरीनेच ठेवलं होतं. राज्यातल्या कामगारांच्या कमाईची नोंद ठेवणाऱ्या त्या कचेरीत सव्वीस वर्षं त्या एकाच टेबलाशी बसल्या. त्यांच्याकडे एकच तक्ता होता: कार्यालयीन सेवा आणि कचरा. माणसं पुरवणाऱ्या कंपन्यांचे मॅनेजर, पहारेकरी, फरशी पुसणाऱ्या बायका, कचरा निवडणारे, सगळे त्यातच.

"साहेब आणि झाडूवाला एकाच पोत्यात," शिपाई म्हणे.

"पोतं हलवलं की खाली सरासरी पडते," बाई म्हणत. हसत मात्र नसत.

दर महिन्याच्या बारा तारखेला त्या फोन घेऊन बसत. पटावर माणसं किती, पगाराची रक्कम किती, एवढं विचारायचं. माणसं कोण, हे विचारायची सोय फॉर्ममध्ये नव्हती.

घरी धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्याला वाढवता वाढवता बाईंचं लग्न राहून गेलं. तो कचरा निवडण्याच्या शेडमध्ये कामाला होता, सरकत्या पट्ट्यावरून काच वेगळी, पत्रा वेगळा. संध्याकाळी हाताला दोनदा साबण लावी आणि तरीही ताटावर बसण्याआधी बोटं हुंगून बघे.

त्या बारा तारखेला बाईंनी शेडच्या हजेरी कारकुनाला फोन लावला.

"पटावर किती?"

"बहात्तर."

"गेल्या महिन्यात चारशे बारा होते. नीट बघा."

"नीटच बघतोय, बाई. मशीन आलंय, सगळ्याच शेडांत आलंय. निवडणारे एक तारखेलाच गेले. राहिले ते मशीनवाले आणि ऑफिसवाले."

बाईंनी बहात्तर लिहिले. त्या दिवशी सकाळीही त्यांनी भावाला डबा भरून दिला होता.

संध्याकाळी त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "काम कसं चाललंय?"

"चाललंय की, ताई. कचरा कधी संपतो का?"

तो हात धुवून ताटावर बसला. साबण एकदाच लावला होता. बाईंनी वाढलं. दुसऱ्या दिवशी डबाही भरला. तो कुठे जाऊन खातो, हे त्यांनी कधी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

महिन्याचा तक्ता तयार झाला. कमी पगाराची माणसं पटावरून गेली होती, जास्त पगाराची उरली होती. त्यामुळे सरासरी चढली. आठ वर्षांतली सर्वांत मोठी वाढ. पगार मात्र कुणाचाच वाढला नव्हता.

नियम असा होता, की ज्या क्षेत्रातली सरासरी कमाई घसरते तिथल्या कामावरून काढलेल्यांना सरकार सहा महिने अर्धा पगार देई. कमाई चढली, तर काही नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच बाईंनी तक्त्याखाली एक ओळ लिहिली: ही वाढ कमी पगाराचे कामगार काढून टाकल्यामुळे दिसते.

अधिकाऱ्याने ती दोनदा वाचली. माणूस वाईट नव्हता.

"बेरीज चुकलीय का, बाई?"

"नाही."

"भागाकार?"

"तोही बरोबर आहे."

"मग ओळ कशाला?"

"वाचणाऱ्याला वाटेल, या लोकांचं बरं चाललंय."

त्याने थोडा वेळ पेन्सिल टेबलावर आपटली. "तुमचा भाऊ तिथेच होता ना? उद्या कुणी म्हणालं, बाईंनी भावासाठी लिहिलं, तर मी काय सांगू? आकडा कुणाचा नातेवाईक नसतो. तुमच्याकडूनच शिकलोय मी."

बाईंनी ओळीवरचं बोट काढून घेतलं.

त्याने पट्टी लावून ओळ सरळ खोडली, आणि सहीसाठी तक्ता त्यांच्याकडे सरकवला. गणितात खोट नव्हती. बाईंनी सही केली, नेहमीसारखी, अक्षर न हलता. पेनाचं टोपण लावलं. खुर्ची आत सारली. खिडकीतल्या पिशवीत त्यांचा डबा होता, तो न उघडताच उचलला.

घड्याळात सव्वाबारा झाले होते. शिपायाने विचारलं, "बाई, आज लवकर?"

"भाऊ डबा कुठे बसून खातो, ते शोधायचंय," म्हणत त्या जिना उतरू लागल्या.